अकरा हजार पावलं

मंगळवार, ९ नोव्हेंबर २०३८. सकाळी सहा वाजून बावीस मिनिटांनी माळशिंगे नगरपंचायतीचा व्हॉल्व्हमन रामहरी नरळे शाळेच्या भिंतीमागे कोसळला. वय चौपन्न. चार नंबरचा व्हॉल्व्ह त्याने नुकताच पूर्ण उघडला होता. लोखंडी चावी अजून चेंबरमध्येच उभी होती.

लोहार गल्लीला रोज पंचवीस मिनिटं पाणी मिळे. त्या दिवशी सव्वादोन तास मिळालं. लोकांनी गोधड्या धुतल्या, गाड्या धुतल्या, कुणी अंगण धुतलं. पाणी जास्त आलं म्हणून तक्रार करणारा माणूस माळशिंग्यात अजून जन्मायचा आहे. शेवटी आठ पस्तीसला पेठेतली एक बाई रिकामी घागर काखेत घेऊन रामहरीला शिव्या घालायला निघाली, तेव्हा तो सापडला.

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जिल्ह्याच्या रुग्णालयात तो पोहोचला तेव्हा चार तास त्रेचाळीस मिनिटं उलटली होती. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं त्याला समजत होतं, पण तोंडातून एकच शब्द निघे: ‘आलं’. तीस वर्षं गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याने तोच ओरडून सांगितला होता. आता भूक लागली की ‘आलं’, कूस बदलायची असली की ‘आलं’, आणि बायको रडायला लागली की तिलाही ‘आलं’.

बायकोचं नाव शालन. वय सत्तेचाळीस. मुलगी लग्न होऊन नाशिकला. नगरपंचायतीने नवऱ्याच्या जागी शालनला बदली कामगार म्हणून घेतलं. माळशिंग्यात मोटरचे व्हॉल्व्ह बसवून झाले होते, पण इथल्या पाण्यातला क्षार तीन वर्षांत त्यांच्या दातांत बसला आणि गाव पुन्हा लोखंडी चावीवर आलं. ऑफिसातून शालनला छापील कागद मिळाला: व्हॉल्व्ह एक ते नऊ, प्रत्येकापुढे वेळ. ती पहाटे पाचला निघे आणि साडेनऊला परते. तोवर शेजारीण रामहरीकडे बघे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुक्साना मुजावर स्कूटरवरून आली. ती जिल्ह्याच्या पक्षाघात केंद्राची व्यायाम-उपचार देणारी, तालुक्याचीच. तिच्याकडे मनगटाला बांधायची राखाडी पट्टी होती.

या पट्टीमागचा विचार सोपा आहे. पक्षाघातातून वाचलेल्या दर तिघांतल्या साधारण एकाला पुढे नैराश्य येतं. असे रुग्ण इतरांपेक्षा लवकर दगावतात, पहिल्या महिन्यातच नव्हे, तर पाच आणि दहा वर्षांनंतरही. गोळ्या चुकवल्याने, व्यायाम सोडल्याने, की मनाचा भार हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना थेट झिजवतो म्हणून, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. अडचण मात्र सगळ्यांना मान्य होती. नैराश्य ओळखायला प्रश्न विचारावे लागतात, आणि ज्याची वाचाच गेली आहे तो उत्तर कसं देणार? रामहरीसारखे रुग्ण गप्प बसत, घरचे म्हणत, ‘शांत असतात बिचारे’, आणि एक दिवस ते जात.

पट्टी प्रश्न विचारत नसे. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, झोप कितीदा मोडते, हे ती मोजे. आणि तिसरी गोष्ट मोजे, ती या केंद्राच्या डॉक्टर वैदेही करंबेळकर यांनी शोधली होती. त्या तिला ‘न सांगता केलेल्या हालचाली’ म्हणत. माशी हाकलायला उचललेला हात, खिडकीकडे वळलेलं मनगट, उगाच गिरवलेली रेघ. कामाच्या, सवयीच्या, एकसुरी हालचाली यंत्र वगळून टाकी. उरेल तेवढी माणसाची स्वतःची इच्छा, असा त्यांचा हिशेब. या तिन्हींतून शंभरपैकी एक अंक निघे, आणि अंकाशेजारी दुसरी चौकट: हा रुग्ण दहा वर्षांनी असण्याची शक्यता. दोन्ही आकडे घरच्यांच्या फोनवर दिसत.

“ह्यांना दाखवायचं न्हाय,” शालनने पहिल्याच दिवशी बजावलं. “आजारी माणसाला असलं सांगत्यात व्हय कुणी?”

“विचारलं तर सांगावं लागतं, काकी,” रुक्साना म्हणाली.

“विचारणार कशानं? ‘आलं’नं?”

दोघी हसल्या. खाटेवरून रामहरी बघत होता.

त्याला पट्टी सोसली नाही. पहिल्या दिवशी त्याने ती दातांनी ओढून काढली, दुसऱ्या दिवशीही. रुक्सानाने नियम सांगितला. अंघोळ आणि चार्जिंगसाठी दिवसाला काही तास सूट आहे. पण सलग तीन दिवस नोंद आली नाही, तर जागा पुढच्या रुग्णाला जाते. यादीत एकशे अठरा जण थांबले आहेत. जागा गेली की आठवड्यातून तीनदा घरी येणारी रुक्साना गेली, वाचेचे धडे गेले, गोळ्या गेल्या.

बारा डिसेंबरला दुपारी शालनने पट्टी स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधली.

तिला यात फसवणूक वाटली नाही. सव्वीस वर्षं दोघं एका ताटातलं मीठ खात होती. शिबिरात दोघांचा रक्तदाबही सारखाच निघायचा. घरावर आलेलं दुःख एकच, मग ते कुणाच्या मनगटावरून मोजलं म्हणून काय फरक पडणार होता? रुक्सानाच्या स्कूटरचा आवाज वळणावर आला की ती पट्टी सोडून रामहरीच्या हाताला बांधी. परक्या पोरीसमोर तो तासभर सोशी. पहाटे कामावर निघताना ती पट्टी चार्जिंगला लावी, आणि अंघोळ उरकली की पुन्हा बांधी. घरातली पावलं यंत्र मोजत नव्हतं, कारण अर्धांगाचा रुग्ण फरफटत चालतो आणि ती मोजणी हमखास चुकते.

पहिला अंक आला चव्वेचाळीस. दहा वर्षांची शक्यता शंभरात पासष्ट. शालनने तो बघितला. त्या दिवसापासून तिने रामहरीला काही करू देणं बंद केलं. पाण्याचा तांब्या तोंडाशी, घास तोंडाशी. गावात कुणी गेलं तरी कळू द्यायचं नाही. माळी वस्तीला महिनाभर पाण्याची नुसती करंगळीएवढी धार जात होती आणि तिथल्या बाया रोज तिच्या नावाने बोटं मोडत होत्या, तेही तिने गिळलं. घरी आली की हसून म्हणे, “सगळं झकास हाय. तुमी कशाचा घोर लावून घिऊ नका.”

जानेवारीअखेर अंक सदतीस. फेब्रुवारीत एकोणतीस.

“असं कसं उतरतंय?” ती रुक्सानाला विचारी. “दूध देते, अंडी देते. आवाज चढवून बोलत न्हाय.”

या काळात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आकडा बघताना, तो कुणाच्या हाताचा आहे हे ती खरोखरच विसरून गेली होती. यंत्र मात्र त्याचं काम चोख करत होतं. भांडी, कणीक, झाडू, नवऱ्याची पाठ चोळणं हे सगळं वगळल्यावर शालनच्या हातात काही उरत नव्हतं.

दहा फेब्रुवारीला केंद्राने रामहरीची मनावरची गोळी दुप्पट केली.

सोमवार, ७ मार्चला पंप उशिरा सुरू झाला. शालनला निरोप आला तेव्हा ती अंघोळ करून पट्टी बांधून बसली होती. ती तशीच चावी घेऊन पळाली. दुपारी परत आली तेव्हा मनगटाकडे तिचं लक्षही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता रुक्साना आली ती दारातूनच हसत.

“काकी, खरं सांगा. शेळीला बांधली होती ना?”

“काय?”

“पट्टी. काल काका अकरा हजार तीनशे चाळीस पावलं चालले. घराबाहेर! अहो, घाबरू नका, तुम्ही पहिल्या नाही. पलीकडच्या तालुक्यात एकांनी बोकडाच्या पायात बांधलेली. तीन दिवस अंक ब्याण्णव. मॅडम म्हणाल्या, जिल्ह्यातला सगळ्यात आनंदी रुग्ण हाच.” तिने फोन काढला. “मी लिहून टाकते, शेळी. तेवढा एक दिवस वगळतील. बाकीचं आहे तसं राहील.”

अंगणात शेळी खरंच बांधलेली होती. शालनने तिच्याकडे बघितलं. मग आत बघितलं. भर अकरा वाजता रामहरी गाढ झोपला होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती. गेले तीन आठवडे तो असाच होता. सकाळी उठवून बसवला तर मान टाकी. परवा तोल जाऊन खाटेवरून पडला तेव्हा कपाळाला खोक पडली होती. ती सुजेने अजून निळी होती.

“रुक्साना, ह्यांची गोळी वाढवली ती कशावरनं?”

“अंकावरून. खाली येत होता ना.”

“मग लिहू नगं.”

“काय लिहू नको?”

“शेळी. ती शेळी न्हाय. मी हाय.”

रुक्साना अजून हसत होती. “काल?”

“काल न्हाय. बारा डिसेंबरपास्नं.”

शहाऐंशी दिवस. रुक्साना पायरीवर बसली. दर भेटीत पट्टी रुग्णाच्याच हातावर आहे हे तपासून सही करणारी तीच होती. अशा छत्तीस सह्या झाल्या होत्या. ती म्हणाली, “काकी, शेळी म्हटलं असतंत तर मीसुद्धा वाचले असते.”

“ठाव हाय मला. पर गोळी त्यांच्या पोटात जातीया. न्हाव्याच्या दुकानात एकाच्या डोक्याचं माप घेऊन दुसऱ्याची हजामत करत्यात व्हय? मी तसंच केलं.”

रुक्सानाने तिथूनच फोन लावला. त्याच संध्याकाळी रामहरीचं रक्त तपासायला गेलं. सोडियम बरंच खाली आलं होतं. वाढीव गोळीने असं होऊ शकतं. आणखी दोन-तीन आठवडे गेले असते तर झटके आले असते, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. गोळी टप्प्याटप्प्याने उतरवली. दहाव्या दिवशी रामहरीचे डोळे पूर्वीसारखे उघडले.

शुक्रवार, १८ मार्चला डॉक्टर करंबेळकर स्वतः माळशिंग्याला आल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला तुटक. शालनने चहा ठेवला आणि हात पुसत समोर उभी राहिली, शाळेत उभं करावं तशी.

“बसा, शालनताई. नियमाप्रमाणे तुमची जागा रद्द होते. ती करायची की नाही हे समिती ठरवेल, मी नाही. तीनशे सात घरांत पट्टी आहे. खोट्या नोंदी आम्ही पकडल्या अकरा घरांत. स्वतःहून सांगितलं ते एकाच घराने. हे मी अहवालात लिहिलं आहे.” त्यांनी चष्मा काढला. “आता मला एक सांगा. सव्वीसवर आलेला हा अंक कोणाचा?”

“ह्यांचा... म्हंजे...” शालन थांबली.

“तुमचा आहे.”

“मला कुठं झटका आलाय?”

“नाही आलेला. म्हणूनच मला या आकड्याचं काय करायचं ते कळत नाही. शेजारची चौकट तर तुमच्यासाठी सोडूनच द्या. ती पक्षाघाताच्या रुग्णांवरून बांधली आहे. रुग्णाची उस्तवार करणाऱ्या माणसासाठी अशी चौकट आम्ही बनवलीच नाही. आम्हाला सुचलंच नाही.” हे त्यांनी जसं होतं तसं सांगितलं. सारवासारव केली नाही. “पण हृदय आणि झोप कुणाचंही असो, सव्वीस म्हणजे बरं नाही. तुम्हाला उपचार लागतील.”

खाटेवरून रामहरी ऐकत होता. या घरात काय मोजलं जातंय हे त्याला आज पहिल्यांदा कळलं होतं. रुक्साना सात मार्चची नोंद वाचू लागली, “घराबाहेरची पावलं अकरा हजार तीनशे चाळीस,” आणि तो ओरडला.

“आलं! आलं! आलं!”

डाव्या मुठीने त्याने खाटेची चौकट बडवली. चेहरा लालबुंद. शालन रडू लागली. “रागावलं माझ्यावर. फसवलं म्हणून.”

त्याने जोरात मान हलवली. नाही. डावा हात पुढे करून बोटं हलवली. रुक्सानाने वाचेच्या धड्यांची पांढरी पाटी आणि पेन दिलं. तिला वाटलं, शिवी काढतो की काय. त्याने एक गोल काढला, डावरा, वाकडातिकडा. गोलातून एक रेघ. रेघेला फाटे. पाटी गुडघ्यावरून निसटली, ती रुक्सानाने धरली. त्याने एक फाटा पुसला, पुन्हा काढला. घाम आला. चहा उकळून निम्मा झाला.

शालन पुढे झाली. “ही टाकी,” ती म्हणाली. “ही पेठ. ही लोहार गल्ली. आन् ही वर चढाला माळी वस्ती.” त्याने माळी वस्तीवर पेन टेकवून ठेवलं. “सात नंबर. सात आधी?”

“आलं,” तो म्हणाला, हळू.

“पर कागदावर एक आधी हाय!”

रामहरीने कागदाचं नाव ऐकून तोंड असं केलं की डॉक्टरही हसल्या.

मग शालनला सगळं उलगडलं. व्हॉल्व्हचे नंबर पाइपलाइन ज्या क्रमाने पडल्या त्या क्रमाचे. त्यांचा गावाच्या चढ-उताराशी संबंध नाही. टाकी भरलेली असताना आधी चढावरची माळी वस्ती सोडायची, मग उतरत उतरत पेठ आणि लोहार गल्ली, आणि वरचा बंद करायला परत जावं लागू नये म्हणून मध्ये आठ नंबर अर्धाच उघडून ठेवायचा. रामहरी तीस वर्षं असंच करत होता. ऑफिसचा कागद त्याने कधी पाळला नाही आणि कुणाला कधी सांगितलंही नाही. त्याची फेरी सहा हजार पावलांत होई. शालन छापील क्रमाने गावाला दोन वेढे घालत होती आणि तरी वर पाणी चढत नव्हतं. डॉक्टरांना त्या आकड्यात फसवणूक दिसली, रुक्सानाला शेळी दिसली. बायको चुकीच्या वाटेने चालतेय, हे फक्त त्यालाच दिसलं.

“सांगायचं न्हाय व्हय आधी?” शालन चिडून म्हणाली आणि तोंडावर पदर धरला. रामहरीने डावा हात हवेत उडवला. अगं, कशानं सांगू?

“तूच तर रोज म्हणत होतीस, सगळं झकास हाय,” रुक्साना त्याच्या वतीने म्हणाली. तो जोरजोरात मान हलवू लागला. हो, हो, तेच.

डॉक्टरांनी घड्याळात पाहून वहीत लिहिलं: एक्केचाळीस मिनिटं, कुणी न सांगता. नंतर केंद्रावर त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलं की वीस वर्षांच्या नोकरीत आपण इतकी चांगली नोंद केलेली नाही, आणि ती पट्टीने घेतलेलीच नाही.

त्या निघताना रामहरीने डावं मनगट पुढे केलं. शालनच्या हाताकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या. दोन.

केंद्राकडे दोन पट्ट्या एका घरात देण्याचा नियम नव्हता. डॉक्टरांनी रुक्सानाच्या पिशवीतली जादा पट्टी तिथेच बांधली आणि परवानगी नंतर घेतली. पत्रावरची तारीख दोन दिवसांनंतरची आहे.

रामहरीचा पहिला खरा अंक आला एक्कावन्न. शालनपेक्षा पंचवीसने जास्त. चार महिने ज्याला मरणाच्या दारातून ओढत होतो असं तिला वाटत होतं, तो दाराच्या बराच अलीकडे होता.

यानंतरचं सगळं गोड झालं असं नाही. नव्या क्रमाने माळी वस्तीला पाणी चढलं आणि फेरी सहा हजार दोनशे पावलांवर आली. पण पावलं वाचली म्हणून शालनची झोप परतली नाही. पहिले दोन आठवडे ती तालुक्याच्या दवाखान्यात गेलीच नाही. “घरात आजारी माणूस एकच असावं,” असं तिचं म्हणणं. तेव्हा रामहरीने जेवण बंद केलं. ती जाऊन आली की जेवला. ही दादागिरी झाली, असं रुक्साना म्हणाली. शालन म्हणाली, “तेवढीच तर शिल्लक हाय त्येंच्यापाशी.” आता दर गुरुवारी ती जाते. तांब्या मात्र तिने त्याच्या तोंडाशी धरणं सोडलं आहे. तो निम्मं पाणी अंगावर सांडतो.

केंद्राने एप्रिलपासून एक्केचाळीस घरांत दुसरी पट्टी दिली आहे. रुग्ण किती जगेल हे त्याच्या स्वतःच्या अंकावरून जास्त कळतं, की त्याची उस्तवार करणाऱ्याच्या अंकावरून, हे त्यांना तपासायचं आहे. उत्तराला वर्षं लागतील.

२७ जूनच्या सकाळी रामहरीचा अंक एकोणपन्नास होता, मागच्या महिन्यापेक्षा दोनने कमी. का, ते कळलेलं नाही. दहा वर्षांची शक्यता शंभरात अडुसष्ट. ती त्याने मागून बघितली, स्वतःच्या बोटाने फोन सरकवून. नरळे कुटुंबाची जागा ठेवायची की काढायची, यावरचा निर्णय समितीने दोनदा पुढे ढकलला. पुढची बैठक १४ जुलैला आहे. रुक्सानाला लेखी ताकीद मिळाली असून ती कामावर आहे.

शालनचा अंक एकतीस. तिच्या नावापुढच्या दुसऱ्या चौकटीत यंत्राला अजून काही लिहिता येत नाही. तिथे सध्या एक आडवी रेघ आहे.